प्रश्न जागेचा कमी, मुदतीचा जास्त

एखादा अमानुष गुन्हा उघडकीस आला की पहिल्या दोन-चार दिवसांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘असे करणारा माणूस शहाणा असूच शकत नाही’ हे पहिले. आणि आरोपीच्या वकिलाने मानसिक आजाराचा मुद्दा काढला रे काढला की ‘आता वेड पांघरून पेडगावला जाणार’ हे दुसरे. बऱ्याचदा ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडून येतात, आणि ती एकमेकांना छेद देतात हे त्याच्या गावीही नसते. या विषयावरचे निकाल आणि कायदे मी बरीच वर्षे सवडीने वाचत आलो आहे. हिंसक गुन्हेगाराची जागा तुरुंगात की मनोरुग्णालयात, या प्रश्नावर आपण जेवढे भांडतो तेवढे त्याला किती काळ ठेवायचे आणि सोडायचे कोणी ठरवायचे यावर भांडत नाही, असे माझे आता मत झाले आहे. कुठे ठेवायचे हे माणसाच्या आजच्या प्रकृतीवरून ठरावे. जास्तीत जास्त किती काळ, हे शक्य तिथवर त्याच्या कृत्यावरून ठरावे. या दोन बाबींची सरमिसळ झाली की तुरुंगाचे तुरुंगपण बिघडते आणि रुग्णालयाचे रुग्णालयपणही.

ही सरमिसळ जुनी आहे. १५ मे १८०० रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात राजा तिसरा जॉर्ज याच्यावर जेम्स हॅडफील्ड नावाच्या माजी सैनिकाने पिस्तूल झाडले. नेम चुकला. सहा वर्षांपूर्वी फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत त्याच्या डोक्यावर तलवारीचे खोल घाव बसले होते, आणि तेव्हापासून त्याच्या मनात एका विलक्षण भ्रमाने घर केले होते: येशूचे पुनरागमन व्हावे आणि जगाचा उद्धार व्हावा यासाठी आपण मेले पाहिजे. मात्र आत्महत्या हे पाप असल्याने ते मरण दुसऱ्याच्या हातून यायला हवे. राजावर गोळी झाडली की फाशी होणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. किंबहुना ते ठाऊक होते म्हणूनच त्याने गोळी झाडली. त्याचे वकील टॉमस अर्स्किन यांच्यापुढची अडचण नेमकी हीच होती, कारण तोवरची समजूत अशी होती की वेडा म्हणजे ज्याला काहीच कळत नाही असा, जनावरासारखा माणूस. अर्स्किन यांनी मांडले की वेडाचे खरे लक्षण भ्रम हे आहे. माणूस तर्कशुद्ध विचार करू शकतो, योजना आखू शकतो, पिस्तूल विकत घेऊ शकतो. फक्त ज्या पायावर तो हे सारे रचतो तो पायाच खोटा असतो. न्यायालयाने हे मान्य केले आणि हॅडफील्ड निर्दोष ठरला.

पण निर्दोष ठरलेल्या माणसाला पाठवायचे कुठे? त्याला सोडून देण्याची कोणाचीच तयारी नव्हती आणि अडकवून ठेवण्यासाठी धड कायदा नव्हता. तेव्हा संसदेने काही आठवड्यांतच घाईघाईने एक कायदा केला, तो मागील तारखेपासून लागू केला, आणि राजाची मर्जी असेतोवर अशा माणसांना कोठडीत ठेवण्याची सोय करून घेतली. हॅडफील्ड १८४१ मध्ये लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयातच मरण पावला. निर्दोष सुटलेला माणूस चाळीसहून अधिक वर्षे बंदिवासात होता. ‘वेडाच्या नावाखाली सुटला’ असे आपण आज जे सहज म्हणतो, त्यातले ‘सुटणे’ त्याच्या वाट्याला कधी आलेच नाही.

पुढे १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड काही दिवसांनी मरण पावले आणि मॅकनॉटन वेडामुळे निर्दोष ठरला. लोक इतके खवळले की ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड सभेने न्यायाधीशांना बोलावून या बाबतीतला कायदा नेमका काय ते विचारले, आणि त्यांच्या उत्तरांतून मॅकनॉटन नियम तयार झाले. कृत्याचे स्वरूप कळत होते का, आणि ते चूक आहे हे कळत होते का, एवढीच कसोटी उरली. भारतीय दंड संहितेच्या १८६० सालच्या कलम ८४ मध्ये जवळपास हीच कसोटी आली, आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्येही तीच आहे. ही कसोटी हॅडफील्डला लावून पाहावी: कृत्य कळत होते, ते कायद्याविरुद्ध आहे हेही कळत होते. तो बहुधा फासावर गेला असता. भ्रम हा आजाराचा गाभा आहे ही अर्स्किन यांची जाण १८०० मध्ये जिंकली आणि १८४३ मध्ये हरली, असे मला दरवेळी वाटते. आजही न्यायालयांत हत्यार लपवले का, पळून गेला का, पोलिसांना खोटे सांगितले का, असे प्रश्न विचारून ‘कळत होते’ हे सिद्ध केले जाते, तेव्हा तो पराभव पुन्हा होत असतो. ज्याला शेजारी आपल्या जिवावर उठला आहे अशी खात्री पटलेली असते, तोही हत्यार लपवतोच की.

आता दुसरी बाजू. कृत्य भयंकर आहे, एवढ्यावरून कर्ता आजारी ठरत नाही. हिंसेची बहुसंख्य कारणे अगदी ओळखीची असतात: राग, मत्सर, मालमत्ता, सूड, दारू, टोळीचा हुकूम, एखाद्या विचारसरणीचा कैफ. अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांची तुलना त्याच वस्तीत राहणाऱ्या इतरांशी केली गेली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ज्या रुग्णांना व्यसनाची जोड नव्हती त्यांच्यात हिंसेचे प्रमाण शेजाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त आढळले नाही. उपचार न मिळालेल्या तीव्र मनोविकारात, त्यातही व्यसन असेल तर, धोका वाढतो हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. परंतु ‘क्रूर म्हणजे वेडा’ हे समीकरण मांडले की त्याची किंमत आयुष्यात कोणावर हात न उगारलेला रुग्ण मोजतो. घर भाड्याने मिळताना, नोकरीत, लग्नाच्या बोलण्यांत ती त्याच्याकडून वसूल होत राहते.

नॉर्वेतला खटला या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. २२ जुलै २०११ रोजी अँडर्स ब्रायविक याने आधी ऑस्लोत बॉम्बस्फोट करून ८ जणांना मारले आणि मग उटोया बेटावर गोळीबार करून ६९ जणांना. मारल्या गेलेल्यांत बहुतांश तरुण मुले-मुली होती. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशय आणि भ्रमांनी ग्रासणारा तीव्र मनोविकार, असल्याचे सांगितले. त्यावर गदारोळ झाला, दुसरी जोडी नेमण्यात आली आणि तिने त्याला मनोविकार नसल्याचा निर्वाळा दिला. पुढचा प्रकार नेहमीच्या खटल्याच्या अगदी उलटा होता: सरकारी पक्ष म्हणत होता की त्याला रुग्णालयात ठेवा, आणि आरोपी म्हणत होता की मी पूर्ण शुद्धीवर होतो. वेडा ठरवले जाणे हा त्याला सर्वांत मोठा अपमान वाटत होता, कारण तसे झाले असते तर त्याच्या राजकीय जाहीरनाम्याची रवानगी थेट औषधांच्या कपाटात झाली असती. २४ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायालयाने त्याला जबाबदार ठरवले आणि २१ वर्षांची शिक्षा दिली. धोका कायम असल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येईल अशा प्रकारची ही शिक्षा आहे.

हा निकाल मला योग्य वाटतो, पण त्याचे कारण गुन्ह्याचे भीषणपण नव्हे. त्याच्या विचित्र वाटणाऱ्या कल्पना एकट्याच्या डोक्यात उगवलेल्या नव्हत्या. एका अतिरेकी वर्तुळात त्या बोलल्या, लिहिल्या आणि वाटून घेतल्या जात होत्या. मनोविकारातला भ्रम सहसा असा सामायिक नसतो. हॅडफील्डचा विश्वास त्याच्या घावातून आलेला होता, आणि त्याच्याशी वाद घालून तो बदलणे शक्य नव्हते. ब्रायविकचा विश्वास एका चळवळीतून आलेला होता, आणि तो त्याने निवडलेला होता. तज्ज्ञांच्या दोन जोड्यांत एवढे अंतर पडू शकते याचे अनेकांना आश्चर्य वाटले. मला त्यात फारसे आश्चर्य वाटत नाही. घटनेनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी माणसासमोर बसून त्या दिवशी त्याच्या मनात काय होते हे शोधायचे, तेही तो स्वतः प्रतिमा जपत बोलत असताना, हे काम मुळातच निसरडे आहे.

रुग्णालय म्हणजे सवलत, ही समजूत मात्र कोणत्याही खटल्याने पुसली जात नाही. कडक बंदोबस्ताच्या न्यायवैद्यक, म्हणजे गुन्हा घडलेल्या रुग्णांसाठीच्या, मनोरुग्णालयाचा दिनक्रम पाहिला तर ती टिकणे कठीण आहे. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही. जेवणानंतर चमचे मोजून परत घेतले जातात आणि एक जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत कोणी जागचे हलत नाही. गोळी दिल्यावर परिचारक तोंड उघडायला लावून जिभेखाली पाहतो. गोळ्या टाळणाऱ्याला महिन्याभराचे काम करणारे इंजेक्शन दिले जाते. त्या औषधांनी वजन वाढते, हात थरथरतात, दिवसभर गुंगी राहते. कैद्याला निदान आपले मन आपल्यापाशी ठेवता येते. रुग्णाला ते रोज उघडून दाखवावे लागते. आणि तो बोलला नाही तर ‘उपचारांना प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते.

यापेक्षा अवघड गोष्ट उपचार लागू पडल्यावर घडते. तीव्र मनोविकारात झालेल्या हत्यांत मारला जाणारा माणूस पुष्कळदा घरातलाच असतो: आई, वडील, भाऊ, कधी स्वतःचे मूल. आईच्या रूपात कोणी दुसरेच वावरते आहे अशी खात्री पटलेल्या मुलाचा भ्रम औषधांनी काही महिन्यांत ओसरतो आणि मग त्याला कळते की ती आईच होती. मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना सर्वांत जास्त जपावे लागते ते याच टप्प्यावर, कारण बरा होत जाणारा माणूस आत्महत्येच्या जवळ येत असतो. शिक्षेचा हेतू कृत्याची जाणीव करून देणे हा असेल, तर ते काम इथे औषध करते, आणि कुठल्याही न्यायाधीशाच्या शब्दांपेक्षा जास्त निर्दयपणे करते. याला सुटका म्हणणाऱ्यांनी क्षणभर त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे.

तरीही रुग्णालयाची खरी अडचण तिथल्या कडकपणात नाही. ती मुदत नसण्यात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८३ मध्ये एक प्रकरण आले. एका माणसाने दुकानातून जाकीट चोरण्याचा प्रयत्न केला होता, आणि त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद होती. मनोविकारामुळे तो निर्दोष ठरला आणि निकाल लागेपर्यंत सात वर्षांहून अधिक काळ अडकून पडला होता. आजार आणि धोका असेतोवर त्याला ठेवता येईल, शिक्षेच्या कमाल मुदतीशी त्याचा संबंध नाही, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. १९९२ मध्ये त्याच न्यायालयाने एवढी तरी मर्यादा घातली की आजार उरला नसेल तर केवळ ‘धोकादायक’ या शिक्क्यावर माणसाला मनोरुग्णालयात डांबता येणार नाही. भारतात तर एक माणूस १९५१ मध्ये अटक झाल्यावर आसाममधल्या मनोरुग्णालयात गेला. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो खटल्याला सामोरा जाण्यास योग्य असल्याचे कळवले, आणि तरीही तो २००५ मध्ये बाहेर आला. त्याच्यावरचा खटला कधी चाललाच नाही. दोषी ठरला असता तर कितीतरी आधी घरी गेला असता. अशा हकिगती वाचल्यावर, शहाणा वकील हिंसेच्या किरकोळ प्रकरणात मनोविकाराचा बचाव का टाळतो हे समजते.

इकडे तुरुंगाची स्थिती काय आहे? २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बारा देशांतल्या ६२ पाहण्यांचा, सुमारे २३ हजार कैद्यांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र मनोविकार असलेले कैदी शंभरात सुमारे चार आणि गंभीर नैराश्य असलेले पुरुष कैदी शंभरात दहा आढळले. म्हणजे न्यायालयात कोण ‘वेडा’ ठरला याची चर्चा आपण करत असतो तेव्हा त्याच्या कितीतरी पट आजारी माणसे, कसलाही बचाव न मांडता, गुपचूप तुरुंगात पोहोचलेली असतात. तुरुंगाचे सारे व्यवहार हुकूम पाळण्यावर चालतात, आणि कानात आवाज ऐकू येणाऱ्याला हुकूम नीट ऐकूच येत नाही. तो रांगेत उभा राहत नाही, मोजणीच्या वेळी ओरडतो, मग शिक्षा म्हणून एकांतकोठडीत जातो. एकांतात आजार बळावतो, आणि पुढच्या मोजणीला तो आणखी मोठ्याने ओरडतो. लायनेल पेनरोज यांनी १९३९ मध्येच युरोपातल्या देशांची आकडेवारी मांडून दाखवले होते की जिथे मनोरुग्णालयांत खाटा जास्त तिथे तुरुंगात माणसे कमी, आणि जिथे खाटा कमी तिथे कैदी जास्त. त्यावरून एकामुळे दुसरे घडते असे सिद्ध होत नाही, आणि या नियमावर पुढे बरेच वादही झाले. पण ज्याला वेळेवर खाट मिळाली नाही तो शेवटी कुठेतरी सापडतोच, एवढे तरी त्यातून घ्यावे.

‘लॅन्सेट’मधल्या त्याच आढाव्यातला आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो: समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार असलेले पुरुष कैदी शंभरात ४७. दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारा, सराईतपणे खोटे बोलणारा, भिडभाड नसलेला हा माणूस. यालाही आजारी म्हणून रुग्णालयात पाठवा असे काही जण म्हणतात. तसे केले तर निम्मा तुरुंग रिकामा होऊन रुग्णालयाचाच तुरुंग होईल, आणि वॉर्डातला खरा रुग्ण या मंडळींच्या तावडीत सापडेल. या विकारात वास्तवाचे भान सुटलेले नसते आणि तो बरा करणारे औषधही नाही. माझ्या मते अशांची जागा तुरुंगातच आहे, तिथे मानसोपचाराची सोय जरूर असावी. नेदरलँड्समध्ये अंशतः जबाबदार ठरलेल्यांना आधी कैद आणि नंतर सक्तीचे उपचार अशी व्यवस्था १९२८ पासून चालत आली आहे. ती माणुसकीची वाटते खरी, पण उपचारांची मुदत लांबत जाते हा तिच्यावरचा आक्षेपही तेवढाच खरा आहे.

जागा बदलता आली पाहिजे, हे इंग्लंडमधल्या पीटर सटक्लिफ याच्या प्रकरणातून दिसते. तेरा स्त्रियांच्या हत्येबद्दल १९८१ मध्ये त्याच्यावर खटला चालला. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचे मानसोपचारतज्ज्ञ सांगत होते, सरकारी पक्षही ते मान्य करायला तयार होता, पण न्यायाधीशांनी प्रकरण ज्यूरीपुढे ठेवायला लावले आणि ज्यूरीने त्याला खुनी ठरवले. तो तुरुंगात गेला. १९८४ मध्ये त्याला ब्रॉडमूर या कडक बंदोबस्ताच्या रुग्णालयात हलवावे लागले, आणि २०१६ मध्ये उपचारांची गरज उरली नाही म्हणून परत तुरुंगात आणले गेले. २०२० मध्ये कैदेत असतानाच तो मरण पावला. लोकांना पहिली बदली मवाळपणाची वाटली आणि दुसरी उशिरा सुचलेल्या शहाणपणाची. मला दोन्ही बरोबर वाटतात. आजार होता तेव्हा रुग्णालय, आजार आटोक्यात आला तेव्हा तुरुंग, आणि शिक्षा दोन्हीकडे एकच.

ज्यांचे माणूस गेले त्यांचे काय, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. ‘निर्दोष’ हा शब्द त्यांना जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियावर गोळी झाडणारा असाच निर्दोष ठरला तेव्हा ती स्वतः संतापली आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलून निकालाचे शब्द ‘दोषी, पण वेडा’ असे करण्यात आले. माणसाला ठेवले जात होते तिथेच, तेवढाच काळ. बदलले ते फक्त शब्द. १९६४ मध्ये ब्रिटनने ते पुन्हा मागे घेतले. कृत्य याच माणसाच्या हातून घडले हे न्यायालयाने वेगळे आणि स्पष्टपणे नोंदवावे, नातेवाइकांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि त्याला बाहेर सोडण्याआधी त्यांना कळवावे, एवढे तर कुठल्याही देशाला करता येईल. त्यासाठी आजारी माणसाला खोटेच जबाबदार ठरवण्याची गरज नाही.

मुदतीच्या बाबतीत मला इटलीचा कायदा सर्वांत प्रामाणिक वाटतो. तिथली जुनी न्यायवैद्यक मनोरुग्णालये २०१४ च्या कायद्यानुसार टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि त्यांच्या जागी सुमारे वीस खाटांची लहान निवासी केंद्रे आली. त्याच कायद्याने ठरवून दिले की त्या गुन्ह्याला जेवढी कमाल कैद असेल त्याहून जास्त काळ कोणालाही सुरक्षेच्या नावाखाली ठेवता येणार नाही. त्यानंतरही उपचार हवे असतील तर ते इतर कोणत्याही रुग्णाला मिळतात तसे आणि त्याच नियमांनी. जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही मर्यादा लागू नाही, आणि तिथे दुसरा इलाजही दिसत नाही. अशा प्रकरणांत ठरावीक काळाने स्वतंत्र न्यायमंडळाने फेरविचार करावा. ब्रिटनमध्ये असा अधिकार पूर्वी गृहमंत्र्यांकडे होता. निवडणूक तोंडावर असलेला कोणता मंत्री अशा माणसाला सोडेल? युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या १९८१ च्या निकालानंतर तो १९८३ मध्ये न्यायमंडळाकडे गेला.

पण इटलीतही वीस-वीस खाटांची केंद्रे पुरेनाशी झाली, प्रतीक्षायादी वाढत गेली, आणि न्यायालयाने केंद्रात पाठवायला सांगितलेली आजारी माणसे खाट मिळेपर्यंत तुरुंगातच राहिली. अशाच एका माणसाच्या बाबतीत जानेवारी २०२२ मध्ये मानवाधिकार न्यायालयाने इटलीला दोषी धरले. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय असावी असे सांगितले आहे. राज्यागणिक एक तुरुंग हे मोजमाप कायद्याने किमान म्हणून घातले आहे. त्यापुढे किती जायचे हे प्रत्येक राज्याच्या अर्थसंकल्पात ठरते, आणि त्या तरतुदीसाठी आजवर कोणी मोर्चा काढलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.